साहेबांच्या रांगेत दगडोबा

धोंडाबाईनं पत्र्याच्या पेटीवर बसकण मारली ती उठायलाच तयार नव्हती. पेटीत तिच्या नवऱ्याची, दगडोबा बहुरूप्याची, आयुष्यभराची सोंगं घडी करून ठेवली होती. समोर लातूरचे कापडव्यापारी मल्लिकार्जुनआप्पा उन्हात घाम पुसत उभे होते. औशाच्या अलीकडची ती वस्ती. सावली म्हणायला एक बाभूळ आणि तिच्याखाली टँकरची वाट बघत बसलेल्या घागरींची रांग. आप्पांनी टेम्पो आणला होता. पेटी न्यायची, नव्या जिल्ह्याच्या लोककला प्रदर्शनात मांडायची, आणि दगडोबाला जाऊन वर्ष होत आलंय तर एक अख्खं दालन त्याच्याच नावानं काढायचं, असा बेत होता. एवढं ऐकून दुसरी कुणीही बाई पाघळली असती.

"न्या की," धोंडाबाई म्हणाली. "पर सायबाचं सोंग लागलं पायजे. ते न्हाई लागलं तर बाकीचं बी न्हाई."

"साहेबाचं? ते कोणतं?" आप्पा गोंधळले. "आम्ही लहानपणी शंकर बघितला, पोलीस बघितला. त्या पोलिसाला भिऊन मी दोन तास धान्याच्या कणगीत बसलो होतो. साहेब कधी बघितला नाही."

"तुमी न्हाई बगितला. टाकळखडीच्या बायांनी बगितला."

मल्लिकार्जुनआप्पा भला माणूस. दुकानावर आलेल्या गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायची त्यांना सवयच नव्हती. त्यांनी "लावू की, लावू की" म्हणून मान डोलावली, पेटी टेम्पोत चढली, आणि पुढच्या सगळ्या भांडणाला तिथंच सुरुवात झाली.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा सहावं वर्ष लागलं होतं. कचेरी आली, पाट्या बदलल्या, उस्मानाबादहून कागदांचे गठ्ठे ट्रक भरभरून आले. जिल्ह्याला लागणारं सगळं मिळालं, फक्त इतिहास तेवढा मिळायचा राहिला होता. तो गोळा करायला एक समिती नेमली गेली आणि तिचे चिटणीस झाले आप्पा. पाऊस सलग दोन वर्षं रुसला होता, लोक पाण्यासाठी कासावीस होते, अशात प्रदर्शन कशाला असं काहीजण म्हणाले. आप्पा म्हणाले, पाणी नाही म्हणून काय माणसानं नावही सोडायचं?

आता बहुरूप्याचा रिवाज सांगितल्याशिवाय धोंडाबाई एवढी का अडून बसली होती ते कळायचं नाही. दगडोबा एका गावात सहा दिवस राही. रोज एक सोंग. शंकर, नारद, पोलीस, सावकार, डॉक्टर आणि सहाव्या दिवशी दिवस भरलेली बाई, जिच्या कळा बघून गावातल्या म्हाताऱ्या खरोखर चुलीवर पाणी ठेवायला धावत. सहा दिवस तो कुणाच्या दारात काही मागत नसे. सातव्या दिवशी रंग धुऊन, स्वतःचं तोंड घेऊन यायचा आणि हात जोडून म्हणायचा, "माय-बाप, ते समदे म्याच व्हतो." याला उघड्या तोंडाचा दिवस म्हणत. त्यावर घरच्यांनी द्यायचं उत्तर ठरलेलं असे: "आमी वळखलंच न्हाई गड्या!" सहा दिवस मागं लागून 'दगड्या, दगड्या' म्हणून ओरडणारं कारटंसुद्धा त्या दिवशी हेच म्हणे, नाही म्हणालं तर आईचा धपाटा खाई. बहुरूप्याला 'ओळखलं होतं' म्हणणं म्हणजे स्वयंपाक करणारीला तोंडावर भाजी अळणी झालीय म्हणण्यासारखं. उत्तर मिळालं की सोंग अंगावरून उतरलं. नाही मिळालं तर ते राहतं, अशी त्या लोकांची समजूत. दगडोबानं उभ्या जन्मात एकच सोंग उतरवलं नव्हतं, ते हे साहेबाचं.

बहात्तर साली पाऊस दगा देऊन गेला आणि पुढच्या उन्हाळ्यात सोंगं बघायला गावात कुणी उरलं नाही. सगळा मुलूख दुष्काळी कामावर खडी फोडत होता. ज्या घरच्या बायका कधी परक्याच्या बांधाला गेल्या नव्हत्या त्याही हातोडी घेऊन बसल्या. त्यांत टाकळखडीची गौरम्मा होती, लिंगायताच्या खात्यापित्या घरची सून, सात महिन्यांची पोटुशी. टाकळखडीच्या खडीकामावर दगडोबा आणि धोंडाबाई तिच्या शेजारीच बसायची. पाण्याचं पिंप दिवसातून एकदा यायचं, तेही आधी मुकादमाच्या मांडवात. तान्ही लेकरं आयांच्या पाठीमागं उन्हात पडलेली. एका दुपारी गौरम्मा हातोडी धरल्याधरल्या कोसळली. मुकादम म्हणाला, झेपत नसेल तर घरी बस, हजेरी कापतो.

नंतरचे दोन दिवस दगडोबा कामावरच आला नाही. औशाला जाऊन त्यानं कचेरीबाहेरच्या फळ्यावर चिकटवलेले दुष्काळी कामाचे नियम एका मास्तराकडून तीनदा वाचून घेतले आणि पाठ केले. पाठांतर हा तर त्याचा धंदाच. नियम चांगले होते. पाणी दोन वेळा, लेकरांना सावली, पोटुशीला हलकं काम. फक्त ते फळ्यावरून उतरून टाकळखडीपर्यंत कधी चालत आले नव्हते. तिसऱ्या दिवशी आले.

तेरणेच्या कोरड्या पात्रातून एक साहेब चालत आला. अंगात काळा कोट, जो धोंडाबाईनं दोन फाटक्या कोटांचे तुकडे जोडून शिवला होता. पायात चुन्यानं पांढरे केलेले कापडी बूट, बगलेत फाईल आणि फाईलीत किराण्याच्या पुड्यांचे कागद. डोळ्यांवर चष्मा, पण नुसती चौकट, काच नव्हती. "जीप वाळूत रुतलीय," म्हणत त्यानं मुकादमाला असं झापलं की मुकादमाच्या तोंडचं पाणी पळालं. मग हजेरी कारकुनाला पुढं बोलावलं. त्याचं नाव शेषेराव. साहेबानं धडाधड हुकूम सोडले आणि शेषेरावानं ते वहीत उतरवून घेतले. आजपासून पिंप दोनदा येईल. लेकरांसाठी कापडाचा मांडव पडेल. पोटुशी बाई हातोडीला हात लावणार नाही, ती मांडवात लेकरं सांभाळेल आणि तिची हजेरी पुरी लागेल. कामाचे फोटो काढायला औशाहून फोटोवाला आला होता. त्यानं तेवढ्यात खटका दाबला. धोंडाबाई दहा हातांवर खडी फोडत होती. तिनं मान वर केली नाही, हसू फुटलं असतं. पण नवऱ्याच्या अभिमानानं छाती अशी भरून आली की हातोडी दोनदा बोटावर बसली.

पाऊस येऊन काम बंद होईपर्यंत, चार महिने, ते हुकूम चालले. खोट्या साहेबानं खरे नियम पाळायला लावले. पण उघड्या तोंडाचा दिवस काही करता आला नाही. तोंड दाखवलं की हुकूम खोटा, आणि हुकूम खोटा ठरला की मांडव उतरला. म्हणून दगडोबा चार महिने गप्प राहिला, आणि पुढं बेड्या पडतील या धाकानं कायमचाच गप्प राहिला. "आंग जड झालंय," तो चेष्टेनं म्हणायचा, "सायेब बसलाय आजून." शेवटच्या दुखण्यातही हेच म्हणाला, पण त्या वेळी हसला नाही. धोंडाबाईच्या काळजाला तेच लागून राहिलं होतं. माणूस गेला आणि सोंग अंगावरच राहिलं. ते उतरवायचं तर चारचौघांत, सरकारच्या समोर, कबूल व्हायला पाहिजे होतं की तो साहेब म्हणजे दगडोबा.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी ती लातूरला सभागृहात पोचली. दगडोबाचं दालन झकास मांडलं होतं. शंकराच्या जटा, नारदाची वीणा, पोलिसाचा पट्टा, सावकाराची पगडी. प्रत्येकाखाली सुबक अक्षरात पाटी. काळा कोट मात्र कुठं नव्हता.

"कोट कुटं हाय आप्पा?"

"आहे, पेटीत आहे," आप्पा चाचरत म्हणाले. "त्याचं काय आहे धोंडाबाई, त्या सोंगाचा पुरावा नाही म्हणतात. बाकीची सहा सोंगं लागली की. एवढं दालन झालं..."

पण धोंडाबाईचं तिकडं लक्ष नव्हतं. पलीकडच्या भिंतीवर 'जिल्ह्याची वाटचाल' असा फलक होता आणि त्याखाली साहेबांच्या फोटोंची लांबलचक रांग. कुणी पुलाचं भूमिपूजन करतोय, कुणी विहिरीत वाकून बघतोय, कुणी नुसताच खुर्चीत. रांगेतला पाचवा फोटो हातभर मोठा केलेला होता. काळ्या कोटातला एक साहेब, शेजारी हात जोडून उभा कारकून, मागं खडीचे ढीग. उस्मानाबादहून आलेल्या गठ्ठ्यांत तो सापडला होता. धोंडाबाई त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. पंधरा वर्षांपूर्वीचा नवरा समोर उभा होता.

"काय लिवलंय खाली?" तिनं विचारलं.

आप्पांनी वाचलं, "सन एकोणीसशे त्र्याहत्तर. दुष्काळी कामांची पाहणी करताना वरिष्ठ अधिकारी."

"अधिकारी न्हाई. मपला मालक हाय त्यो."

"पाटी बरोबर आहे," मागून आवाज आला. पाटीवरची शाई अजून ओली होती आणि ती लिहिणारा माणूस बोरू हातात धरून उभा होता. पाठ वाकलेली, केस पिकलेले, पण धोंडाबाईनं त्याला एका नजरेत ओळखलं. फोटोत हात जोडून उभा होता तोच. शेषेराव आता कचेरीत बडा कारकून होता आणि प्रदर्शनाच्या पाट्या त्याच्याकडं होत्या. "मी समक्ष हजर होतो. साहेबच होते ते. यादी वर मंजूर झालीय, आता बदलत नसते."

"आप्पा," धोंडाबाई फोटोवरची नजर न काढता म्हणाली, "सायबाचं बोट कुटं हाय बगा."

आप्पांनी खिशातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि फोटोला नाक लावलं. साहेब डोळ्यांत गेलेला घाम पुसत होता. बोट चष्म्याच्या चौकटीतून आरपार जाऊन थेट पापणीवर टेकलं होतं. आप्पांनी स्वतःच्या चष्म्यावर बोट आपटून बघितलं, टक् वाजलं. मग ते एवढ्या मोठ्यानं हसले की मांडव घालणारे गडी थांबून बघायला लागले.

"अहो शेषेराव, काचच नाही की!"

शेषेराव हसला नाही. "आप्पा, अधिकाऱ्याचं सोंग घेणं गुन्हा असतो. त्याच्या हुकमावर सरकारी काम चाललं असं उद्या भिंतीवर लिहायचं? मोठ्या साहेबांच्या समोर? चौकशी लागेल."

"मेलेल्या माणसावर?" धोंडाबाई फिरली. "लावा की. त्यो न्हाई सापडला तर मला धरा. कोट म्या शिवलाय."

आप्पांचा चेहरा पडला. त्यांना दोन्हीकडचं पटत होतं, आणि हाच त्यांचा रोग होता. मंडपाचं बघून येतो असं पुटपुटत ते बाहेर सटकले. सभागृहात म्हातारी आणि म्हातारा दोघंच उरले.

"बाई," शेषेराव आवाज उतरवून म्हणाला, "तुमच्याजवळ खोटं कशाला बोलू. मी त्या दिशीच वळखलं होतं."

धोंडाबाईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय म्हनलाव?"

"मुकादम फसला, फोटोवाला फसला. मी न्हाई. पण मला बी ते हुकूम पायजेच होते. फळ्यावरचे नियम मी रोज वाचत होतो बाई, पर माझ्या शब्दाला कुत्रं इचारत नव्हतं. कुणीतरी कोट घालून सांगायला पायजे होतं. त्यानं सांगितलं, मी लिहून घेतलं. वर विचारणा झाली तर 'वरिष्ठांचा तोंडी हुकूम' म्हणून कळवलं. खोटं कळवलं, समजून उमजून. फसलो असतो तर नुसता येडा ठरलो असतो. वळखून लिहिलं म्हंजे गुन्हेगार. आठ महिने राहिलेत नोकरीचे. म्हणून म्हणतो, अधिकारीच राहू द्या त्याला."

दुसरी कुणी असती तर त्या माणसाचे पाय धरले असते. धोंडाबाईच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं ते वेगळ्याच दुःखानं. पंधरा वर्षं ती आणि दगडोबा एकाच गोष्टीवर जगली होती की त्यानं सरकारला फसवलं. राजे-महाराजे झाले, देव झाले, पण हे सोंग सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत अचूक. आणि हा माणूस म्हणत होता, ओळखलं होतं.

"कशावरनं?" तिनं विचारलं. "बुटाचा चुना दिसला का? का कोटाची शिवण उसवली व्हती?"

"न्हाई. ते समदं बरोबर होतं."

"मंग काय चुकलं त्याचं?"

शेषेरावानं फोटोतल्या खडीच्या ढिगांकडं बोट केलं. "निघताना बायांपाशी थांबला अन् विचारलं, 'जेवलाव का गं?' साहेब लोक असं विचारत नसतात."

धोंडाबाईनं पदरानं डोळे कोरडे केले. दगडोबा कामात कधी चुकला नव्हता, आणि चुकला तर असा चुकला. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग जास्त येत होता.

"ऐका," ती म्हणाली. "तुमी वळखलं, हे पुन्ना कुनाम्होरं बोलायचं न्हाई. तुमी फसलाव. त्यानं तुमाला फसवलं."

"मग लोक मला हसतील की बाई. जिल्हाभर."

"हसू द्या. त्यो बायांसाटी पंदरा वर्सं सायेब होऊन बसला, तुमी एक दिवस येडे व्हा."

"मला जमायचं न्हाई," शेषेराव म्हणाला. "पाटी हाय तीच राहील."

"मंग उंद्या म्या उगडं तोंड दावते," धोंडाबाई म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीनं ती टाकळखडीला गेली. उद्घाटन चारला होतं. साडेतीनला ती परतली तेव्हा तिच्यामागं नऊ बाया होत्या, सगळ्यांत पुढं गौरम्मा. तिला दोन हंडे पाणी सोडून यावं लागलं होतं, आणि या दिवसांत ते काही लहान काम नव्हतं.

मोठे साहेब, म्हणजे जिल्ह्याचे कलेक्टर, वेळेवर आले. वय जेमतेम तिशीचं, मराठी पुस्तकातलं, वागणं सभ्य. त्यांनी फीत कापली, दगडोबाचं दालन मन लावून बघितलं, पोलिसाच्या पट्ट्याला हात लावून हसले. मग सगळे 'वाटचाली'च्या भिंतीकडं वळले. शेषेराव पुढं होऊन एकेक पाटी वाचत होता. चौथी पाटी झाली आणि पाचव्या फोटोपुढं धोंडाबाई उभी होती.

"सरका बाई," कुणीतरी म्हणालं.

ती सरकली नाही. जन्मात परक्या माणसासमोर डोक्यावरचा पदर तिनं ढळू दिला नव्हता. तो तिनं खाली घेतला. पांढरे केस, उघडं तोंड, आणि हात जोडून ती साहेबांकडं नाही, मागं उभ्या असलेल्या नऊ बायांकडं बघून बोलली. आवाज असा लावला की बाहेरच्या पानवाल्यानं मान वळवली.

"माय-बाप हो, दगडोबा बहुरूपी उगड्या तोंडानं तुमच्याम्होरं हुबा हाय. खडीवर सायेब होऊन आल्ता, त्यो म्याच व्हतो."

आप्पांनी डोळे मिटून घेतले.

गौरम्मा पुढं आली. तिनंही हात जोडले. "आमी वळखलंच न्हाई गड्या," ती म्हणाली, आणि रडायला लागली. "मांडवात बसून मी लेकरं सांभाळली, माझं लेकरू धड जन्माला आलं, पण शपथ, आमी वळखलं न्हाई!"

"न्हाई वळखलं," मागच्या आठजणी म्हणाल्या. त्यांतल्या निम्म्या तर त्याच्या शेजारी बसून खडी फोडत होत्या.

मोठ्या साहेबांनी आप्पांकडं बघितलं. आप्पांना एकदाचा कणा सापडला. त्यांनी दोन वाक्यांत सगळं सांगितलं आणि फोटोतलं बोट दाखवलं. साहेब वाकून बघत राहिले. मग त्यांनी फोटोतल्या कारकुनाकडं बघितलं, आणि वळून शेषेरावाकडं.

"हे तुम्हीच ना? तुमची पाटी म्हणते अधिकारी. या बाई म्हणतात बहुरूपी. नक्की काय?"

धोंडाबाई शेषेरावाकडं बघत होती. डोळे वटारून नाही, नुसतीच. 'अधिकारीच' एवढा एक शब्द म्हणाला असता तर म्हातारी खोटी पडली असती आणि त्याचे आठ महिने सुखात गेले असते.

"बहुरूपी होता, साहेब," तो म्हणाला आणि त्यानं मान खाली घातली. "पण मी वळखलंच न्हाई. मला खराच साहेब वाटला. चार महिने त्याचे हुकूम पाळले. काल या बाईनं सांगितलं तरी मला खरं वाटेना, म्हणून पाटी तशीच ठेवली."

आधी कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळी खोली हसायला लागली. कचेरीतले पोरसवदा कारकून तर एकमेकांच्या खांद्यावर पडून हसत होते. चार महिने! काच नसलेला चष्मा! आपले बडे बाबू! मोठे साहेबही हसले, आणि हसण्याच्या भरात चौकशी बिवकशी कुणाच्या मनात आली नाही. साहेब म्हणाले, "कलाकार मोठाच म्हणायचा. हा फोटो इथून काढा आणि त्यांच्या दालनात लावा. सन्मानानं लावा."

आप्पा आनंदानं पुढं झाले. फोटोला हात घालणार, तोच धोंडाबाईनं भिंतीवर तळवा टेकवला.

"न्हाई. हलवायचा न्हाई."

"अहो, तुमचंच ऐकलं ना साहेबांनी," आप्पा कळवळून म्हणाले.

"पाटी बदला. फोटू हितंच ऱ्हाईल, सायबांच्या रांगंत." ती मोठ्या साहेबांकडं वळली. पदर अजून खांद्यावरच होता. "सायेब, ही रांग वाटचालीची हाय म्हंता. मंग ह्या बायांनाच इचारा, ह्या भिंतीवरल्या कोन्या सायबानं त्यांच्या लेकराला सावली दिली. एकाचंच नाव घेतील त्या. अन् तुमी त्यालाच रांगंतनं काढाय लागलाव."

हसू थांबलं. साहेबांनी रांगेवरून नजर फिरवली; पुलावरचे, विहिरीवरचे, खुर्चीतले. रांगेच्या शेवटी एक खिळा मोकळा होता आणि तो कुणासाठी ठेवलाय हे सगळ्यांना माहीत होतं. नऊ बाया साहेबांच्या तोंडाकडं बघत उभ्या होत्या, त्यांना परतीच्या एसटीची घाई दिसत नव्हती.

"बरोबर आहे," साहेब शेवटी म्हणाले. "राहू द्या तिथंच." आणि जाता जाता गौरम्मापाशी थांबून त्यांनी टाकळखडीला टँकर दिवसाला किती येतात ते विचारलं. "एक," गौरम्मा म्हणाली, "अन् त्यो बी रोज न्हाई." साहेबांनी वही मागितली.

गर्दी पुढं सरकली. शेषेराव मागं राहिला. त्यानं जुनी पाटी काढली, नवीन पुठ्ठा घेतला आणि बोरू शाईत बुडवला. त्याचे कान अजून लाल होते. शेजारून जाणारी कारकून पोरं त्याच्याकडं बघून तोंड दाबत होती. 'बहुरूपी दगडोबा, साहेबाच्या सोंगात', एवढं त्यानं वळणदार अक्षरात लिहिलं आणि पाटी जागेवर लावली. धोंडाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं ओल्या अक्षरांकडं डोळे भरून बघितलं, पदर डोक्यावर घेतला आणि कधी नव्हे ते तिला अंग हलकं वाटलं. मग ती त्याच्याजवळ सरकली.

"सोंग बरं वठलं तुमचं," ती दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली. "पर मान खाली घालायची नव्हती. फसलेला मानूस खाली बगत न्हाई. चौफेर बगतो, आजून कोन कोन फसलंय म्हून."

शेषेरावानं डोळे पुसले. मग मान वर केली आणि त्याला हसणाऱ्या त्या सगळ्या सभागृहावरून, एकेका तोंडावरून, सावकाश नजर फिरवली.

"आत्ता जमलं," धोंडाबाई म्हणाली.